पडलेल्या उमेदवाराचें नांव कोठें लिहावें?

गेल्या पंधरवड्यांत आमचा एक जुना विद्यार्थी चार पानांचें टिपण घेऊन शाळेंत आला. त्याचे आजोबा शेजारच्या वाडीचे; शेतमजुरीवर पोट भरणारे गृहस्थ. त्यांनीं एकदां विधानसभेची निवडणूक अपक्ष म्हणून लढविली होती. मागणी एकच, कीं वाडीच्या स्मशानाला रस्ता द्या. पावसाळ्यांत प्रेत गुडघाभर चिखलांतून न्यावें लागतें. अनामत रक्कम वाडीनें पांच-पांच, दहा-दहा रुपये वर्गणी काढून जमविली, आणि निकालानंतर ती सरकारजमा झाली. आजोबा आतां हयात नाहींत. रस्ता अजून अर्धाच झाला आहे. नातू म्हणाला, "गुरुजी, विकिपीडियावर आमदारांचीं पानें आहेत. आजोबांचें पान मीं लिहिलें आहे. एकदां शुद्धलेखन पाहून द्या, म्हणजे चढवतों."

शुद्धलेखन पाहणें सोपें होतें. पण टिपण वाचतां वाचतां जो प्रश्न समोर आला तो सोपा नव्हता. निवडणुकींत पडलेल्या माणसास ज्ञानकोशांत जागा असावी कीं नसावी? वरवर पाहतां हा रिकामटेकड्या पंडितांचा वाद वाटेल. परंतु ज्ञानकोश म्हणजे पुढच्या पिढीची आठवण. आठवणींत कोणास बसवावयाचें आणि कोणास दाराबाहेर ठेवावयाचें, हें कोणत्या मापानें ठरवितात, हें ज्यांचे वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेरच राहिले त्यांनीं तरी विचारलेंच पाहिजे. सबब आज ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम दंडक काय आहे तो पाहूं. विकिपीडिया हा कोणीही लिहावा व कोणीही सुधारावा असा संगणकावरचा ज्ञानकोश आहे. इंग्रजींत तो २००१ सालीं निघाला, मराठींत २००३ सालीं. त्याच्या इंग्रजी आवृत्तीचा नियम असा, कीं जो देशाच्या किंवा प्रांताच्या कायदेमंडळांत निवडून गेला त्याचें पान होण्यास सहसा अडचण नाहीं. जो नुसता उमेदवार होता त्यास उमेदवारीच्या जोरावर पान मिळत नाहीं. त्याच्याविषयीं त्याच्याशीं संबंध नसलेल्या, भरवशाच्या लोकांनीं विस्तारानें लिहून प्रसिद्ध केलेलें असलें पाहिजे. तसें नसेल तर त्याचें नांव त्या निवडणुकीच्या पानावर, मतांच्या तक्त्यांत येतें, आणि तेवढ्यावर भागवावें लागतें.

हा नियम ऐकून आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे जिंकला तो माणूस, हरला तो आंकडा!" असें तो म्हणाला. त्याचा राग आम्हांस समजतो. तरी नियम करणाऱ्यांची बाजूही ऐकून घेणें न्यायाचें आहे.

पहिली गोष्ट संख्येची. २०२४ सालच्या लोकसभेच्या निवडणुकींत ८,३६० उमेदवार होते आणि जागा ५४३. म्हणजे एका निवडणुकींत साडेसात हजारांहून अधिक माणसें पडलीं. १९९६ सालीं तामिळनाडूंत मोदकुरिची ह्या एका विधानसभा मतदारसंघांत १,०३३ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेची वही करावी लागली! ह्या सर्वांचीं चरित्रें कोण लिहिणार, आणि लिहिलेलें खरें कीं खोटें हें कोण तपासणार? केतकरांच्या ज्ञानकोशास किंवा वाईच्या विश्वकोशास पानांची मर्यादा होती. संगणकास ती नाहीं हें खरें. पण तपासणाऱ्या डोळ्यांना मर्यादा आहेच. ज्या पानाकडे कोणी फिरकत नाहीं, त्यांत एखादा स्वतःची आरती ओवाळून ठेवतो, नाहीं तर दुसरा वैऱ्याची बदनामी करून जातो, आणि दोन्ही तशींच वर्षानुवर्षें राहतात.

दुसरी गोष्ट जाहिरातीची. निवडणुकीच्या तोंडावर ज्ञानकोशांतलें पान म्हणजे फुकटचें हस्तपत्रक. निवडणुकीच्या कामावर आम्हां शिक्षकांस नेहमींच जुंपलेलें असतें, त्यामुळें उमेदवारांचे नमुने आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. कोणी नांवासारखें नांव म्हणून दुसऱ्याचीं मतें फोडण्यास उभा केलेला असतो. कोणी बसण्याचे पैसे घेण्यासाठीं उभा राहतो. कोणाला गाडीवर लावावयास पाटी हवी असते. अशांस ज्ञानकोशांत आसन मांडून द्यावें असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं.

इथपर्यंत नियम बरोबर आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आमच्या लोकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. जो खुर्चीवर बसला आहे त्याचें पान आधींच तयार. जो त्यास आव्हान देतो त्यास पान नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंत आयोवा प्रांतांत सेनेटच्या जागेसाठीं थेरेसा ग्रीनफील्ड ह्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार होत्या. समोर विद्यमान सेनेटर जोनी अर्न्स्ट. साऱ्या देशाचें लक्ष लागलेली ती लढत. अर्न्स्टबाईंचें पान होतें. ग्रीनफील्डबाईंचें पान मात्र वाद चालून कित्येक महिने होऊं शकलें नाहीं. पुढें त्या निवडणूक हरल्या. पान नसल्यानें हरल्या असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मतदार दोघींची माहिती शोधूं लागला तर एकीची सांपडते व दुसरीची सांपडत नाहीं, ह्यास समतोल म्हणतां येत नाहीं.

आतां जिंकण्या-हरण्याचें हेंच माप १९५२ सालच्या मुंबईस लावून पाहा. स्वतंत्र हिंदुस्थानच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईंतून लोकसभेच्या राखीव जागेसाठीं उभे होते. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष; १९५१ सालीं कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेले. त्यांस १,२३,५७६ मतें पडलीं. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर ह्यांस १,३८,१३७ मतें मिळून ते निवडून आले. म्हणजे १४,५६१ मतांनीं बाबासाहेब पडले. त्याच निवडणुकींत त्यांच्याच फेडरेशनचे पां. ना. राजभोज सोलापुरांतून लोकसभेवर गेले. पुढें १९५४ सालीं भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींत बाबासाहेब पुन्हां उभे राहिले. तेथें काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले व बाबासाहेब दुसऱ्यांदा पडले. लोकांनीं थेट निवडून लोकसभेंत पाठविण्याचा योग त्यांस अखेरपर्यंत आला नाहीं. ते राज्यसभेंत बसले.

काजरोळकर हे स्वतः अस्पृश्य समाजांतले व सार्वजनिक कामांत वाढलेले गृहस्थ. त्यांस कमी लेखण्याचें आम्हांस कांहीं कारण नाहीं. परंतु आज सामान्य वाचकास त्यांचें नांव कशामुळें ठाऊक आहे? बाबासाहेबांस ज्यांनीं पाडलें ते, म्हणून! जिंकणाऱ्याची ओळख हरलेल्यावरून द्यावी लागते, असा हा प्रकार. कोणी म्हणेल, बाबासाहेबांचें उदाहरण घेऊं नका. त्यांस निवडणुकीवांचूनही जागा आहेच. बरोबर, आम्हांसही तेंच म्हणावयाचें आहे. मतपेटी पांच वर्षांच्या खुर्चीचा निकाल देते. माणसाच्या कामाचा निकाल देण्याचें काम तिच्याकडे कोणीं दिलेलें नाहीं, आणि ज्ञानकोशवाल्यांनींही तें तिच्यावर टाकूं नये. जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. पण ते सरकारनें नेमलेले, मतांनीं निवडून गेलेले नव्हेत. मतांच्या मापानें मोजूं गेल्यास जोतीरावांच्या नांवापुढें काय लिहाल?

हरण्यामधेंही कांहीं वेळां मोठें काम होऊन जातें. १९२६ सालीं मद्रास इलाख्याच्या कायदेकौन्सिलासाठीं कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोड्या मतांनीं पडल्या. बाईनें कौन्सिलासाठीं उभें राहावें हीच तेव्हां नवल वाटण्यासारखी गोष्ट होती. त्या पडल्या, पण बाई उभी राहूं शकते हें सर्वांस दिसलें. अमेरिकेंत युजीन डेब्ज हे मजुरांचे पुढारी पांच वेळां अध्यक्षपदासाठीं उभे राहिले व पांचही वेळां हरले. शेवटची निवडणूक १९२० ची. युद्धाविरुद्ध भाषण केल्याबद्दल ते त्या वेळीं तुरुंगांत होते. तुरुंगांतल्या कैद्यास नऊ लाखांहून अधिक लोकांनीं मतें दिलीं! अशा पराभवाची हकीकत गाळून त्या काळचा इतिहास लिहितांच येणार नाहीं.

कधीं कधीं हरणारा एक नसतो, समुदाय असतो. १९९६ सालीं बेळगांव लोकसभा मतदारसंघांत ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्न देशाच्या कानांवर जावा म्हणून मराठी भाषकांनीं योजलेला तो उपाय होता. २०१९ सालीं तेलंगणांत निजामाबादेस १८५ उमेदवार होते, त्यांपैकीं १७० हून अधिक शेतकरी. हळदीला भाव द्या, हळदीसाठीं मंडळ नेमा, ही त्यांची मागणी. एकही शेतकरी निवडून आला नाहीं. पण तेव्हांच्या मुख्यमंत्र्यांच्या कन्या के. कविता, ज्या तेथल्या विद्यमान खासदार होत्या, त्याही पडल्या; आणि जानेवारी २०२५ मध्यें राष्ट्रीय हळद मंडळ निजामाबादेंत सुरू झालें. ह्या पावणेदोनशें शेतकऱ्यांचीं पावणेदोनशें पानें करावीं काय? करूं नयेत, प्रत्येकाचें वेगळें असें लिहिण्याजोगें काय मिळेल? पण त्या सर्वांचें मिळून एक पान अवश्य असावें, आणि त्यांत हळदीच्या भावापासून मंडळापर्यंत सारी हकीकत यावी.

अशा गर्दीचा परिणाम काय झाला तोही सांगितला पाहिजे. १९९६ पर्यंत लोकसभेची अनामत ५०० रुपये होती. त्याच वर्षीं कायदा बदलून ती १०,००० केली. पुढें २५,००० झाली. अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारास ती निम्मी असते. ज्याच्यामागें मान्यताप्राप्त पक्ष नाहीं त्यास एकाच्या जागीं दहा सूचक आणावे लागूं लागले. वैध मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षां कमी मतें पडलीं कीं अनामत जप्त. हौशे-गवशे कमी व्हावेत हा ह्या बदलामागचा हेतु. पण श्रीमंत हौशाला पंचवीस हजारांचें काय? अडला तो मजूर.

आतां विनोद पाहा. बरेलीचे काका जोगिंदर सिंग, ज्यांस लोक 'धरतीपकड' म्हणत, ते तीनशेंहून अधिक निवडणुका लढले व एकही जिंकले नाहींत. १९९८ सालीं ते वारले. वर्तमानपत्रांस त्यांचें मोठें कौतुक. प्रत्येक निवडणुकींत त्यांच्यावर मजकूर येई. म्हणून 'स्वतंत्र साक्ष' त्यांच्या बाबतींत भरपूर आहे, आणि नियमाप्रमाणें त्यांचें पानही होऊं शकतें. आम्हांस त्यांचा हेवा नाहीं. लोकशाहीची गंमत करणाराही तिच्या इतिहासाचा भाग आहे. परंतु गंमतीस साक्षीदार मिळतो आणि स्मशानाच्या रस्त्यास मिळत नाहीं, तेव्हां साक्ष लिहिणारे कोण आहेत आणि त्यांची नजर कोणीकडे असते, हें तपासावें लागतें.

आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. पडलेल्या उमेदवारास केवळ उभा राहिला म्हणून ज्ञानकोशांत घेऊं नये, आणि केवळ पडला म्हणून वगळूंही नये. त्याच्याविषयीं तीन प्रश्न विचारावे. त्याच्या उभें राहण्यानें एखादें बंद दार उघडलें काय, किंवा एखादा दडपलेला प्रश्न चारचौघांत आला काय? निवडणुकीच्या आधीं आणि नंतर त्याचें सार्वजनिक काम कांहीं होतें काय? आणि ह्या गोष्टींची साक्ष त्याच्या स्वतःच्या व त्याच्या पक्षाच्या बाहेर कोठें लिहिलेली सांपडते काय? पहिल्या दोहोंपैकीं एकास आणि तिसऱ्यास होकार आला, तर त्याचें पान करावें, मग मतें शंभर पडलेलीं असोत. तसा होकार नसेल, तर त्याचें नांव मतदारसंघाच्या पानावर राहावें. तेथें मात्र तें पूर्ण लिहावें, मतांसकट लिहावें. 'इतर' असा रकाना करून त्यांत दहा माणसें कोंबूं नयेत. निवडणूक आयोगाच्या अहवालांत पहिल्या निवडणुकीपासून प्रत्येकाचें नांव व मतें नोंदलेलीं आहेत. जें सरकार नोंदवितें तें ज्ञानकोशानें गाळण्याचें कारण नाहीं.

हें माप आम्हीं आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांस लावलें. पहिल्या प्रश्नास उत्तर होकारार्थी: स्मशानाच्या रस्त्याची गोष्ट त्यांच्यामुळें तालुक्यांत बोलली गेली. दुसऱ्यासही थोडाबहुत होकार. तिसऱ्यास मात्र नकार. वर्तमानपत्रांत एक ओळ नाहीं. वाडीबाहेरच्या कोणीं लिहिलेलें एक पत्रसुद्धां नाहीं. आहे तें काय? आजीच्या पेटींत घडी घालून ठेवलेलें एक हस्तपत्रक आणि वर्गणीची एक वही, तिच्यांत नांवें व रुपये. "आजचा दिवस हें पान चढवूं नकोस," असें आम्हीं त्यास सांगितलें. सांगतांना आम्हांस बरें वाटलें नाहीं. तो म्हणाला, "म्हणजे ज्यांनीं तेव्हां लिहिलें नाहीं, त्यांनींच आजही माझ्या आजोबांस बाहेर ठेवलें." ह्यावर आमच्यापाशीं पुरतें उत्तर नव्हतें. त्याचें म्हणणें खरें आहे.

पण ह्या रोगावर औषध आमच्या पूर्वजांनींच दाखवून ठेवलें आहे. आपल्याविषयीं दुसरे लिहीत नाहींत म्हणून ते रडत बसले नाहींत. १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' काढला. मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' खेड्यांत बसून चालविला. १९२७ सालीं पंढरीनाथ पाटलांनीं जोतीरावांचें चरित्र लिहिलें, तेव्हां जोतीराव जाऊन ३७ वर्षें झालीं होतीं. पण लिहिलें म्हणून पुढच्यांच्या हातीं आलें. ज्ञानकोश साक्ष तयार करीत नाहीं, तयार असलेली साक्ष उचलून घेतो. ती तयार करणें ज्याच्या डोळ्यांसमोर गोष्ट घडली त्याचें काम आहे.

म्हणून गांवोगांवच्या शिक्षकबंधूंस व भगिनींस आमची विनंती आहे. निवडणुकीच्या कामावर आपण जातों, मतदानयंत्रावरचीं नांवें आपण वाचतों आणि घरीं येऊन विसरतों. ह्यापुढें तसें करूं नका. आपल्या मतदारसंघांत आजवर कोण कोण उभें राहिलें, त्याची यादी आयोगाच्या अहवालावरून उतरून काढा. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रांत त्याची मालमत्ता, शिक्षण व खटले असतात. तो कां उभा राहिला हें त्यांत नसतें. तें म्हाताऱ्या माणसांस विचारून, सांगणाऱ्याचें नांव व तारीख घालून लिहून ठेवा. हस्तपत्रकें, वर्गणीच्या वह्या, सभेचे फोटो ह्यांच्या प्रती काढून शाळेंत व तालुक्याच्या वाचनालयांत ठेवा. मग त्यावर लेख लिहा, साप्ताहिकांस पाठवा, तालुक्याच्या इतिहासाचें लहानसें पुस्तक करा. खरें तेवढेंच लिहा. आपल्या माणसानें चूक केली असेल तर तीही लिहा, नाहीं तर आपल्या साक्षीवर कोण विश्वास ठेवील? आणि जिंकलेल्यांविषयींही हाच प्रश्न विचारा, कीं निवडून जाऊन ह्यानें केलें काय? पुष्कळ आमदारांचें पान दोन ओळींचें निघेल!

आमच्या शाळेंत ह्या कामास आरंभ झाला आहे. वर्गणीची ती वही आम्हीं मागून आणली असून सातवीचीं मुलें तिच्यांतलीं नांवें उतरून घेत आहेत. वहींतलीं बरींच माणसें अजून हयात आहेत, त्यांच्याकडे मुलें दर रविवारीं जाणार आहेत. आजोबांच्या उमेदवारीची हकीकत अशी चार ठिकाणांहून पडताळून, लिहून, छापून निघाली म्हणजे ज्ञानकोशाचें दार आम्ही त्यांच्या नातवाबरोबर पुन्हां ठोठावूं. तोंवर त्याचें टिपण शुद्धलेखन तपासून आमच्या कपाटांत ठेवलें आहे.